एक उच्चार, दोन शब्द : सोलापूरच्या 'मार्शल'ची शब्दकथा

सोलापुरात 'मार्शल लॉ' हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी उभे आहेत, १२ जानेवारीला तिथे हार चढतात, भाषणे होतात आणि त्या भाषणांत हा शब्द हमखास येतो. आजोबांच्या तोंडून तो ऐकलेली एक पिढी गेली, दुसरी थकत आली, तरी शब्द जसाच्या तसा आहे. पण 'मार्शल लॉमधला मार्शल म्हणजे कोण?' असे कोणाला विचारून पाहा. बहुतेक वेळा दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणते, मार्शल नावाचा गोरा अधिकारी होता, त्याने तो कायदा लावला. कोणी म्हणते, मार्शल म्हणजे लष्कर, म्हणून तो लष्करी कायदा. पहिले उत्तर चूक आहे. दुसरे बरेच जवळचे आहे, पण त्यातही एक पेच दडलेला आहे. तो पेच शब्दांचा असला तरी तो सोडवल्याशिवाय १९३० साली या शहरावर नेमके काय गुदरले हे नीट सांगता येत नाही.

या लेखात इंग्रजीतल्या दोन शब्दांचा अर्थ, त्यांची कुळकथा आणि व्याकरणातली वागणूक पाहायची आहे. दोन्हींचा उच्चार एकच, 'मार्शल'. देवनागरी लिपी उच्चाराप्रमाणे चालत असल्याने मराठीत आल्यावर दोघांचे रूपही एकच झाले. दुकानातला 'सेल' आणि घड्याळातला 'सेल' यांचे झाले तसेच. सेलच्या बाबतीत मात्र संदर्भ लगेच सोडवणूक करतो. घड्याळात दुकानातला सेल कोणी घालत नाही. मार्शलच्या बाबतीत दोन्ही शब्द शिस्त, गणवेश आणि सत्ता यांच्याच आसपास वावरतात, त्यामुळे घोटाळा टिकून राहतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या निबंधांत, फलकांवर आणि छापील पत्रकांतही मग एकाच्या जागी दुसऱ्याचे स्पेलिंग येते.

सोयीसाठी त्यांना नावे देऊ. ज्याचे स्पेलिंग एम-ए-आर-टी-आय-ए-एल असे होते, तो पहिला मार्शल. ज्याचे एम-ए-आर-एस-एच-ए-एल असे होते, तो दुसरा मार्शल. मार्शल लॉ, मार्शल आर्ट आणि कोर्टमार्शल यांत आहे तो पहिला. फील्ड मार्शल, एअर मार्शल, विधिमंडळातले मार्शल आणि महापालिकेचे क्लीन-अप मार्शल यांत आहे तो दुसरा. शेवटी दोन 'एल' लावून होणारा आणखी एक आहे, पण ते आडनाव किंवा विशेषनाम. वेस्ट इंडीजचा गोलंदाज माल्कम मार्शल किंवा मोहेंजोदडोच्या उत्खननाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते सर जॉन मार्शल त्यातले. हे आडनावही दुसऱ्या मार्शलच्याच घराण्यातले आहे.

मंगळाचे विशेषण

पहिला मार्शल लॅटिनमधून आला. रोमन लोकांचा युद्धदेव मार्स. मार्सचे ते मार्शल, म्हणजे युद्धाशी नाते असलेले. आकाशातल्या तांबड्या ग्रहाला त्यांनी याच देवाचे नाव दिले. आपण त्या ग्रहाला मंगळ म्हणतो, आणि आपल्या ज्योतिषातही नवग्रहांच्या दरबारात मंगळाकडे सेनापतिपदच आहे. वर्षाचा तिसरा महिना मार्च हाही मार्सच्याच नावाचा. फ्रेंचमध्ये मंगळवारला 'मार्दी' म्हणतात, तो मार्सचा वार. इंग्रजीतला 'ट्यूसडे' जर्मानिक लोकांच्या युद्धदेवाच्या, तिवच्या नावावरून पडला. आपला मंगळवार त्याच जागी येतो. एकाच वारावर तीन संस्कृतींनी आपापला लढवय्या देव बसवला.

तेव्हा मार्शल लॉचा शब्दशः अर्थ 'युद्धदेवाचा कायदा' किंवा 'युद्धाचा कायदा' असा होतो. त्यात कोणी मार्शलसाहेब नाही. सोलापुरात ८ मे १९३० रोजी जमावाने जी पोलीस चौकी जाळली ती मंगळवार पेठेतली. पेठेचे नाव वारावरून पडलेले, आणि त्यानंतर शहरावर जो अंमल आला त्याचे नाव मंगळदेवावरून पडलेले. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात गूढ काही शोधू नये. पण मुलांना शब्द लक्षात ठेवायला हा दुवा चांगला आहे.

घोड्याचा चाकर

दुसऱ्या मार्शलचा मार्सशी काहीही संबंध नाही. तो जर्मानिक भाषांतून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ घोडा, दुसऱ्याचा अर्थ चाकर. घोडीला इंग्रजीत 'मेअर' म्हणतात, त्यात तो पहिला शब्द अजून जिवंत आहे. तेव्हा मार्शल म्हणजे मुळात पागेतला मोतद्दार. फ्रेंच भाषेत घोड्यांना नाल मारणाऱ्याच्या धंद्याच्या नावात 'मारेशाल' हा शब्द आजही आहे. आपल्याकडचा नालबंद तो हाच.

मोतद्दाराचा सेनापती कसा झाला? मध्ययुगात सैन्याचे बळ घोडदळात होते. ज्याच्या ताब्यात राजाची पागा त्याच्या हातात सैन्याची चावी. पागा सांभाळणारा हळूहळू घोडदळ सांभाळू लागला, मग दरबारातल्या मिरवणुकांची, मानापानाची, रांगांची व्यवस्था पाहू लागला आणि शेवटी फौजेतल्या सर्वोच्च पदाचे नावच ते झाले. असे पालटलेले शब्द मराठीतही आहेत. जुन्या मराठीत 'खासदार' म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर. आज तोच शब्द लोकसभेतल्या सदस्याला लागतो. इंग्रजीतल्या 'कॉन्स्टेबल'ची गोष्टही पागेतलीच. त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'तबेल्याचा सरदार'. एकेकाळी इंग्लंडमध्ये लॉर्ड हाय कॉन्स्टेबल हे फार मोठे पद होते. पुढे मार्शल चढत गेला आणि कॉन्स्टेबल उतरत उतरत चौकीवरच्या शिपायापर्यंत आला. एकाच तबेल्यातून निघालेले दोघे, पण नशीब वेगवेगळे.

या कुळकथेमुळे दुसऱ्या मार्शलचे आजचे सगळे अर्थ एका धाग्यात येतात. भारतात फील्ड मार्शल हा हुद्दा दोघांनाच मिळाला. सॅम माणेकशा यांना १९७३ साली आणि के. एम. करिअप्पा यांना निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी, १९८६ साली. हवाई दलात त्याच तोलाचा मान अर्जन सिंग यांना २००२ साली मिळाला. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्यांना बाहेर नेणारे मार्शल, मुंबईत रस्त्यावर थुंकणाऱ्याला दंड करण्यासाठी नेमले गेलेले क्लीन-अप मार्शल, मोटारसायकलवरून गस्त घालणारे बीट मार्शल, या सर्वांचे काम एकच, व्यवस्था राखणे. त्यांच्यापैकी कोणीही युद्ध करत नाही. गावोगावच्या रस्त्यांवर एकेकाळी धावणारी महिंद्राची मार्शल गाडी याच घराण्यातली, मोतद्दाराच्या नावाची.

व्याकरणाची कसोटी

स्पेलिंग पाठ करण्यापेक्षा व्याकरण पाहिले तर फरक पक्का होतो. पहिला मार्शल फक्त विशेषण आहे. तो नेहमी नामाच्या आधाराने उभा राहतो. मार्शल लॉ, मार्शल आर्ट, मार्शल म्युझिक. त्याचे अनेकवचन होत नाही, त्याच्यापुढे 'एक' किंवा 'दोन' लागत नाही, त्याचे क्रियापद होत नाही. दुसरा मार्शल नाम आहे आणि क्रियापदही आहे. एक मार्शल, दोन मार्शल, दहा मार्शल असतात. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ 'क्रमाने लावणे, जुळवणी करणे'. सेनापती पलटणी मार्शल करतो, वकील पुरावे मार्शल करतो. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे ठाणे, त्यामुळे आपल्याकडच्या रेल्वे कुटुंबांना 'मार्शलिंग यार्ड' हा शब्द नवा नाही. मालगाडीचे डबे ज्या त्या ठिकाणाप्रमाणे वेगळे करून, पुन्हा जोडून नवी गाडी तयार करायची जागा म्हणजे मार्शलिंग यार्ड. तिथे लढाईचा मागमूस नाही, सगळी जुळवणी आहे.

आता एक गंमत पाहू. इंग्रजी न शिकलेला मराठी माणूससुद्धा हा फरक बोलताना पाळतो. पुढची दोन वाक्ये पाहा. 'मार्शलांनी आमदारांना सभागृहाबाहेर काढले.' 'मार्शल लॉमध्ये शहरात लष्कर फिरत होते.' पहिल्या वाक्यात विभक्तीचा प्रत्यय थेट मार्शलला लागला. सामान्यरूप झाले, अनेकवचन झाले. दुसऱ्या वाक्यात प्रत्यय 'लॉ'ला लागला आणि मार्शल जसाच्या तसा राहिला. 'मार्शलाचा लॉ' असे कोणी म्हणत नाही. कायदा जर मार्शल नावाच्या माणसाचा असता तर मराठीने केव्हाच षष्ठी लावून 'मार्शलचा कायदा' केले असते. प्रत्यय घेईल तो दुसरा मार्शल आणि प्रत्यय पुढच्या शब्दावर ढकलेल तो पहिला, एवढी खूणगाठ बांधली तरी पुरे.

कोर्टमार्शल हा शब्द मात्र या कसोटीला अपवाद वाटेल. 'त्याचे कोर्टमार्शल झाले', 'कोर्टमार्शलमध्ये शिक्षा ठरली' असे आपण म्हणतो, म्हणजे इथे प्रत्यय मार्शललाच लागला. पण हा मार्शल पहिलाच आहे. इंग्रजीत विशेषण सहसा नामाच्या आधी येते. फ्रेंच वळणाच्या काही जुन्या शब्दांत ते नंतर येते. कोर्ट मार्शल म्हणजे 'युद्धविषयक न्यायालय'. अॅटर्नी जनरल, सेक्रेटरी जनरल हे शब्द याच घडणीचे. म्हणून इंग्रजीत त्याचे अनेकवचन करताना परंपरेने 'एस' हे अक्षर कोर्टला लागते, मार्शलला नाही. मराठीने ही जोडी एकत्र सांधून एकच नाम केले आणि शेवटच्या अक्षरावर प्रत्यय लावला. मराठीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

इंग्रजीत तिसरा एक शब्द आहे, तो उच्चारात वेगळा पण अक्षरांत पहिल्या मार्शलचा जुळा भाऊ. विवाहविषयक या अर्थाचा 'मॅरिटल'. दोन्हींत तीच सात अक्षरे आहेत, फक्त 'टी' आणि 'आय' यांच्या जागा बदललेल्या. घाईत टंकलेखन झाले की लग्नाच्या कागदावर युद्ध येते. अर्ज भरताना ही दोन अक्षरे पाहून घ्यावीत.

घोटाळा जुना आहे

मार्शल लॉ म्हणजे मार्शलचा कायदा हा समज आपल्याच गावात निर्माण झाला असे मानायचे कारण नाही. इंग्लंडमध्ये मध्ययुगात कॉन्स्टेबल आणि मार्शल या दोन अधिकाऱ्यांचे एक न्यायालय होते. युद्धकाळात सैन्यातल्या शिस्तीचे खटले तिथे येत. त्यामुळे सैन्यावर चालणारा तो कायदा 'मार्शलचा' असे म्हणणे तिथे स्वाभाविक होते आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात दोन्ही स्पेलिंगे आढळतात. पुढे 'टी'चे स्पेलिंग स्थिरावले. म्हणजे आपल्या आजोबांनी जी गल्लत केली ती खुद्द साहेबाच्या देशातही झाली होती.

त्या देशात भांडण मात्र स्पेलिंगपेक्षा मोठे होते. राजा पहिला चार्ल्स शांततेच्या काळात मार्शल लॉने माणसांवर खटले चालवू लागला, तेव्हा १६२८ साली पार्लमेंटने 'पिटिशन ऑफ राइट' या अर्जात त्याविरुद्ध तक्रार नोंदवली. न्यायमूर्ती मॅथ्यू हेल यांनी त्याच शतकात मत मांडले की मार्शल लॉ हा खऱ्या अर्थाने कायदाच नव्हे, निकडीमुळे चालवून घेतलेली ती गोष्ट आहे. वेलिंग्टनचा ड्यूक स्वतः सेनापती. त्याने १८५१ साली लॉर्डांच्या सभागृहात जे सांगितले त्याचा आशय असा की मार्शल लॉ म्हणजे फौजेच्या सेनापतीची मर्जी, त्याहून कमी नाही आणि जास्त नाही. ज्यांनी हा शब्द घडवला आणि वापरला त्यांनीच त्यातल्या 'लॉ'वर शंका घेतली होती, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

'लष्करी कायदा' कोणता?

आता सुरुवातीला म्हटलेला पेच. मार्शल लॉचे मराठी आपण 'लष्करी कायदा' असे करतो. पण इंग्रजीत 'मिलिटरी लॉ' असाही शब्द आहे आणि त्याचेही मराठी 'लष्करी कायदा' असेच होते. हे दोन वेगळे आहेत, आणि फरक किरकोळ नाही.

मिलिटरी हा शब्द लॅटिनमधल्या 'शिपाई' या अर्थाच्या शब्दावरून आला. मिलिटरी लॉ म्हणजे शिपायांसाठीचा कायदा. तो कायदेमंडळाने केलेला, छापलेला, कलमांत बांधलेला असतो. ब्रिटिश काळात १९११ चा इंडियन आर्मी अॅक्ट होता. आज १९५० चा आर्मी अॅक्ट आहे. तो शांततेतही चालू असतो, आणि तुम्हा-आम्हाला सहसा त्याचा स्पर्शही होत नाही. जवानाने आज्ञा मोडली, ठाणे सोडून पळाला, तर त्याचे कोर्टमार्शल होते ते या कायद्याखाली. मार्शल लॉ याच्या अगदी उलट. तो नागरिकांवर येतो. नेहमीची मुलकी सत्ता बाजूला सरते, लष्करी अधिकारी हुकूम काढतो, तो मोडणाऱ्याला लष्करी अधिकारीच शिक्षा देतो.

गंमत अशी की कोर्टमार्शलमधला मार्शल पहिलाच असला तरी ते न्यायालय मिलिटरी लॉचे आहे, मार्शल लॉचे नव्हे. तेव्हा 'मार्शल लॉमध्ये लोकांचे कोर्टमार्शल झाले' असे वाक्य लिहिताना जपून लिहावे. कोर्टमार्शल होते ते शिपायाचे. नागरिकासमोर येते ते लष्करी अधिकाऱ्याचे तातडीचे न्यायासन.

आपल्या राज्यघटनेने हे दोन्ही विषय शेजारी शेजारी ठेवले आहेत. अनुच्छेद ३३ सैन्यदलातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांवर संसदेला घालता येणाऱ्या मर्यादांबद्दल आहे. तो मिलिटरी लॉचा आधार. अनुच्छेद ३४ एखाद्या भागात मार्शल लॉ अंमलात असतानाच्या परिस्थितीबद्दल आहे. त्या काळात सुव्यवस्थेसाठी केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेला करता येतो. पण मार्शल लॉ म्हणजे काय, याची व्याख्या घटनेत कुठेही दिलेली नाही. दोन्हींना मराठीत एकच नाव दिले की हा फरक विद्यार्थ्याच्या हातून निसटतो.

त्याच वर्गातली आणखी एक गफलत म्हणजे जमावबंदी, संचारबंदी आणि आणीबाणी यांना मार्शल लॉ समजणे. जमावबंदीचा हुकूम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तो मुलकी अधिकाऱ्याचा हुकूम असतो. १९७५ ची आणीबाणी घटनेतल्या तरतुदीखाली आली होती आणि तीही मुलकी सरकारचीच होती. मार्शल लॉ यांपैकी काहीच नाही.

सोलापूर, मे-जून १९३०

आता ही शब्दांची जुळवणी घेऊन आपल्या शहराकडे वळू. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाली. बातमी पसरताच गिरणगाव असलेल्या या शहरात मोर्चे, सभा, हरताळ सुरू झाले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे पडली, शंकर शिवदारे त्यांपैकी एक. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले. सरकारी अधिकारी शहर सोडून गेले. ९ ते ११ मे असे तीन दिवस रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या काँग्रेसच्या सहकाऱ्यांनी शहराची व्यवस्था सांभाळली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनला उठला. सुमारे सात आठवडे इथल्या माणसांच्या डोक्यावर राष्ट्रध्वज मिरवणे हाही गुन्हा ठरवणारे हुकूम होते.

याच काळातल्या शिक्षांवरून 'चनप्पा शांतिराप्पा विरुद्ध सम्राट' हा खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला. तो १९३१ च्या निकालपत्रांत आहे, मुख्य न्यायमूर्ती होते ब्यूमाँट. भारतात मार्शल लॉ म्हणजे काय, या प्रश्नाची चर्चा कायद्याची पुस्तके आजही या सोलापूरच्या खटल्याचे नाव घेऊन करतात. आपल्या शहराला कायद्याच्या इतिहासात जागा आहे ती अशी, आणि गावात मात्र या खटल्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

चौकीच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. इथे प्रत्ययांकडे लक्ष द्या. 'मार्शल लॉमध्ये चौघांना फाशी दिली' असे वाक्य पुष्कळदा छापले जाते. मार्शल लॉ ३० जूनला उठला आणि फाशी झाली त्यानंतर साडेसहा महिन्यांनी. 'मध्ये' हा शब्द काळ सांगतो आणि तो काळ चुकतो. 'मार्शल लॉच्या वर्षातल्या घटनांवरून' किंवा 'मे १९३० च्या प्रकरणात' असे लिहिले तर वाक्य खरे होते. हुतात्म्यांचे मोल याने तिळभर कमी होत नाही. उलट लष्कर परत गेल्यावर, मुलकी कारभार सुरू झाल्यावरही चौघांना सोडले गेले नाही, हे अधिक ठसते.

'मार्शल लॉ लागलेले देशातले एकमेव शहर' हे विशेषणही तपासून वापरावे. १९१९ साली जालियनवाला बाग हत्याकांडानंतर दोन दिवसांनी, १५ एप्रिलला अमृतसर आणि लाहोरवर मार्शल लॉ आला होता, आणि तिथे अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांना पांघरूण घालायला त्याच वर्षी 'इंडेम्निटी अॅक्ट' करावा लागला. १९२१ साली मलबारात तो आला. सोलापूरनंतर तीन महिन्यांनी, ऑगस्ट १९३० मध्ये पेशावर भागातही तो आला. सोलापूरचे वेगळेपण तीन दिवसांच्या त्या लोकव्यवस्थेत आहे. मार्शल लॉ एकट्या सोलापूरवर आला असे म्हणून ते वेगळेपण वाढत नाही.

विशेषणाचे आणखी एक काम

पहिला मार्शल केवळ विशेषण आहे असे म्हटले, पण विशेषणानेही माणसांची आयुष्ये बदलतात. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींची विभागणी 'मार्शल रेसेस' म्हणजे लढवय्या जमाती आणि बाकीच्या अशी केली. आपल्या महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा फटका महार समाजाला बसला. पिढ्यान्‌पिढ्या लष्करात राहिलेल्या, कोरेगावच्या स्तंभावर नावे असलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज संपल्यावर १९२१ साली ती मोडली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली महार रेजिमेंट झाली. पराक्रम तोच, माणसे तीच, फक्त त्यांच्या नावापुढे एक विशेषण लावायचे की नाही हे साहेब ठरवत होता.

दोन्ही मार्शल एकाच माणसाला चिकटल्याचे उदाहरण शेजारच्या देशात आहे. पाकिस्तानात ऑक्टोबर १९५८ मध्ये मार्शल लॉ आला. जनरल अयूब खान त्याचे प्रमुख प्रशासक झाले आणि पुढच्या वर्षी फील्ड मार्शलही झाले. युद्धदेवाचा अंमल आणि मोतद्दाराचा हुद्दा एका खांद्यावर आले. उर्दू वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही तेव्हा दोन्ही शब्द सारखेच दिसले असतील. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ पुकारला आणि संसदेच्या विरोधामुळे काही तासांतच त्यांना तो मागे घ्यावा लागला. शब्द अजून निवृत्त झालेला नाही.

क्रियापदांची साक्ष

मग मार्शल लॉला मराठीत म्हणावे काय? याचे उत्तर शोधताना कोशांपेक्षा सोलापूरकरांच्या क्रियापदांकडे पाहावे. मराठीत कायदा 'होतो', 'संमत होतो', 'दुरुस्त होतो', 'रद्द होतो'. कूळकायदा झाला, कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. मार्शल लॉ मात्र 'लागला', 'पुकारला' आणि शेवटी 'उठला'. 'कायदा उठला' असे मराठीत कोणी म्हणत नाही. उठते ती संचारबंदी, उठतो तो वेढा, उठतो तो तळ. शहराबाहेर पडलेली छावणी जशी एके दिवशी तंबू गुंडाळून निघून जाते, तसा तो ३० जूनला उठला. हेल आणि वेलिंग्टन यांनी जे इंग्रजीत सांगितले, की हा कायदा नव्हे, ते इथल्या गिरणी कामगारांनी आणि विणकरांनी एका क्रियापदात सांगून ठेवले आहे.

म्हणून माझी सूचना अशी. शिपायांसाठीच्या लिखित कायद्याला 'लष्करी कायदा' म्हणावे. नागरिकांवर आलेल्या मार्शल लॉला 'लष्करी अंमल' म्हणावे. 'अंमल' हा शब्द मराठीत जुना आहे, मोगली अंमल, पेशवाई अंमल अशा प्रयोगांनी रुळलेला आहे. अंमल बसतो आणि अंमल उठतो, त्यामुळे क्रियापदेही आपोआप जुळतात. बोलण्यात 'मार्शल लॉ' राहिला तरी हरकत नाही, तो आता सोलापुरी शब्दच झाला आहे. इंग्रजीत लिहिताना मात्र 'टी' आणि 'आय'च हवे. आपल्या हुतात्म्यांच्या फलकावर, शाळेच्या स्मरणिकेत किंवा पाहुण्यांना देण्याच्या पत्रकात 'एस' आणि 'एच' घातले तर वाचणाऱ्याला वाटेल, या शहरावर कोण्या मार्शलने कायदा केला होता. तसा कोणी मार्शल नव्हता, आणि तो कायदाही नव्हता.